मालक बदलला तरी खाते तेच

व्यापारी पेढ्यांवर एक जुना संकेत आहे. वडील गेले आणि मुलगा गादीवर बसला, की तो प्रथम वह्या उघडतो. येणे किती हे तो पाहतोच. परंतु बाजाराचे लक्ष असते ते तो देणे कसे पाहतो याकडे. वडिलांनी सकारलेली हुंडी मुलाने नाकारली, तर पेढीची पत त्याच दिवशी उतरते. तिजोरीत पैसा असूनही उतरते. ‘ती सही माझी नव्हे’ हे उत्तर बाजारात चालत नाही, कारण समोरच्याने माल दिलेला असतो तो पेढीच्या नावाला, गादीवरच्या माणसाला नव्हे.

शासन ही तर सर्वांत मोठी पेढी. दर पाच वर्षांनी, कधी त्याआधीही, तिच्या गादीवर नवी माणसे बसतात. आधीच्यांनी दिलेला शब्द त्यांनी पाळावा काय, हा प्रश्न म्हणून व्यापारी कुटुंबांना परका नाही. जालना जिल्ह्याला तर तो मुळीच परका नाही. कारण मराठवाड्याला दिलेल्या एका शब्दाचे खाते गेली सत्तर वर्षे उघडेच आहे.

प्रश्न दिसतो तितका सोपा मात्र नाही. लोकशाहीत मतदार नवे सरकार निवडतात, ते पुष्कळदा जुन्या सरकारची धोरणे बदलण्यासाठीच. जुन्यांचा प्रत्येक शब्द नव्यांवर बंधनकारक ठरवला, तर निवडणुकीला अर्थ उरणार नाही. एका विधिमंडळाने केलेला कायदा पुढचे विधिमंडळ रद्द करू शकते, आणि ते योग्यच आहे. उलट, कोणताच शब्द पुढच्यांवर बंधनकारक नसेल, तर शासनाशी पाच वर्षांहून अधिक मुदतीचा कोणताही व्यवहार करणे शहाणपणाचे राहणार नाही. धरण, रेल्वे, कारखाना, विद्यापीठ यांपैकी काहीच उभे राहणार नाही. खरी अडचण या दोन टोकांच्या मधली रेषा कोठे ओढावी, ही आहे.

मराठवाड्याचे खाते उघडले ते २८ सप्टेंबर १९५३ रोजी. त्या दिवशी नागपुरात पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा या तीन प्रदेशांतील नेत्यांनी एका करारावर सह्या केल्या. सह्या करणाऱ्यांत भाऊसाहेब हिरे व यशवंतराव चव्हाण होते, विदर्भाकडून रा. कृ. पाटील व गोपाळराव खेडकर होते आणि मराठवाड्याकडून देवीसिंह चौहान व त्यांचे सहकारी होते. मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे, त्याची राजधानी मुंबई असावी, विधिमंडळाचे वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात भरावे, निधीचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावे, मराठवाड्याच्या अविकसित स्थितीकडे विशेष लक्ष द्यावे आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधिमंडळापुढे यावा, असा त्याचा आशय. नोकऱ्या आणि तांत्रिक शिक्षणातील प्रवेश यांतही प्रदेशांना न्याय्य वाटा मिळावा, असे त्यात होते.

या कराराचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. तो दोन सरकारांमधील करार नव्हता. ते राज्य त्या वेळी अस्तित्वातच नव्हते. मुंबई, मध्य प्रदेश आणि हैदराबाद या तीन निरनिराळ्या राज्यांत मराठी मुलूख विभागलेला होता. सह्या होत्या त्या नेत्यांच्या. न्यायालयात नेऊन वसुली करता येईल असा तो दस्तऐवज नव्हता. हुंडीच्या भाषेत सांगायचे तर मुद्रांक नसलेल्या कागदावरची ती चिठ्ठी होती. परंतु व्यापारी जाणतात, की अशा चिठ्ठ्यांवरच पिढ्यान्‌पिढ्या लाखोंचे व्यवहार झालेले आहेत.

आणि या चिठ्ठीच्या भरवशावर दुसऱ्या बाजूने काय दिले? हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याचे तीन तुकडे झाले. तेलगू भाग आंध्र प्रदेशात, कानडी भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आणि मराठी भाग द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. मराठवाडा बिनशर्त सामील झाला, असे आजही अभिमानाने सांगितले जाते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा नागपूर कराराच्या आशयाचा आदर राखला जाईल, अशी ग्वाही यशवंतराव चव्हाणांनी दिली. ज्याने अटी न घालता माल पोहोचवला, त्याचे देणे अटी घालणाऱ्याच्या देण्याहून कमी पवित्र कसे म्हणावे? तारण न घेता दिलेल्या उधारीची जबाबदारी अधिक असते, हे कोणत्याही पेढीवर वेगळे सांगावे लागत नाही.

या नैतिक देण्याला कायद्याचे थोडे अंगरखे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने चढवले. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१ च्या दुसऱ्या खंडानुसार विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे, निधीचे समन्यायी वाटप, तांत्रिक शिक्षण व नोकऱ्यांत पुरेशा संधी यांची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवण्याचा अधिकार राष्ट्रपतींना मिळाला. शब्द मात्र ‘सोपवू शकतील’ असा आहे, ‘सोपवतील’ असा नाही. त्या एका क्रियापदाने अडतीस वर्षे घेतली. राष्ट्रपतींचा आदेश निघून मंडळे स्थापन झाली ती १९९४ मध्ये.

मधल्या काळात बाकी वाढत होती. १९७४ मध्ये मराठवाड्यातील विद्यार्थी विकासाच्या मागणीसाठी रस्त्यावर उतरले. १९८३ मध्ये राज्य शासनाने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात प्रथमच भावनेचे रूपांतर आकड्यांत केले. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपासून कोण किती मागे आहे, हे मोजून समितीने एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांच्या वर काढला. त्यात मराठवाड्याचे सुमारे ७५० कोटी आणि विदर्भाचे सुमारे १,२४६ कोटी होते. उर्वरित महाराष्ट्राचाही अनुशेष सुमारे १,१८९ कोटी निघाला, हेही न विसरता सांगितले पाहिजे. मागासलेपण ही मराठवाड्याची एकट्याची मिरासदारी नव्हती. दहा वर्षांनी, निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ ची स्थिती मोजली, तेव्हा राज्याचा अनुशेष सुमारे १४,००० कोटींवर गेलेला आढळला आणि मराठवाड्याचा वाटा ४,००० कोटींच्या घरात. यातील काही वाढ महागाईची होती, काही मोजपट्टी बदलल्याची. पण हप्ते न भरलेल्या कर्जाची बाकी मुद्दलापेक्षा मोठी होते, हा हिशेब कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

विकास मंडळांनी काही केले नाही, असेही नाही. त्यांच्यामुळे निधीवाटपाला सूत्र आले, राज्यपालांचे निर्देश निघू लागले, आणि सिंचन वगळता अनेक क्षेत्रांतील आर्थिक अनुशेष निदान कागदावर भरत आला. मंडळाची खरी उपयुक्तता आणखी एका गोष्टीत होती. ती बँकव्यवहाराच्या दाखल्याने स्पष्ट होईल.

मुदतीच्या कायद्यानुसार साध्या कर्जाची वसुली तीन वर्षांच्या आत मागावी लागते. ही मुदत उलटू नये म्हणून बँका ऋणकोकडून वेळोवेळी कर्जाची लेखी कबुली घेतात. ‘अमुक रक्कम मजकडून येणे आहे’ इतकेच त्यात असते. त्या कागदाने पैसा वसूल होत नाही. परंतु देणे जिवंत राहते. विकास मंडळ आणि त्याचा विधिमंडळापुढे येणारा वार्षिक अहवाल म्हणजे राज्याने आपल्या मागास प्रदेशांना दरवर्षी दिलेली अशी ऋणकबुलीच होती. मंडळांची मुदत वेळोवेळी वाढवण्यात आली. अखेर ३० एप्रिल २०२० रोजी ती संपली आणि वेळेत वाढवण्यात आली नाही. त्या वेळी महामारीचे सावट होते, हे खरे. पण मंडळे नकोत असा ठराव कोणी मांडला नाही, त्यावर चर्चा झाली नाही, मतदान झाले नाही. पुढे २०२२ मध्ये मंडळांच्या पुनर्रचनेचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तो केंद्राच्या संमतीवर अवलंबून असलेला. शब्द मोडण्याचे दोन प्रकार असतात. एकात देणेकरी समोर येऊन कारण सांगतो. दुसऱ्यात तो फक्त तारीख उलटू देतो. दुसरा प्रकार अधिक सोयीचा असतो आणि अधिक घातकही. कारण त्यात कोणालाच जाब विचारता येत नाही.

याउलट, शासनाची काही देणी कधीच थकत नाहीत. राज्य सरकार रिझर्व्ह बँकेमार्फत राज्य विकास कर्ज उभारते. अनेक रोख्यांची मुदत दहा वर्षांची असते. त्या काळात साधारण दोन निवडणुका होतात आणि गादीवरची माणसे दोनदा बदलू शकतात. तरीही एका पक्षाच्या सरकारने काढलेल्या कर्जाचे व्याज दुसऱ्या पक्षाचे सरकार ठरल्या दिवशी भरते. राज्यघटनेने तर कर्जावरील व्याज व परतफेड राज्याच्या संचित निधीवर भारित केली आहे. म्हणजे ती रक्कम सभागृहात मतदानालाही टाकली जात नाही. ‘हे कर्ज आधीच्यांचे, आम्ही का फेडू?’ असा प्रश्न आजवर कोणत्याही अर्थमंत्र्याने विचारलेला नाही.

कारण उघड आहे. रोखे घेणाऱ्या बँका व विमा कंपन्या उद्या खिडकी बंद करू शकतात. म्हणून त्यांना दिलेला शब्द पवित्र. भोकरदनचा किंवा मंठ्याचा शेतकरी कोणतीही खिडकी बंद करू शकत नाही. म्हणून त्याला दिलेला शब्द लवचीक. थोडक्यात, पूर्वसूरींचा शब्द पाळावा काय, या प्रश्नाचे उत्तर शासनाने तत्त्वतः केव्हाच ‘होय’ असे दिलेले आहे. मतभेद आहे तो कोणाला दिलेला शब्द पाळावा, एवढाच. आणि ज्या पेढीवर बलवान धनकोचे देणे रोखीने फिटते व गरिबाचे देणे वायद्यावर राहते, तिला पतवान पेढी म्हणत नाहीत.

उद्योजकांच्या बाबतीत न्यायालयांनी हा भेद काही प्रमाणात मिटवला आहे. १९६८ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने नव्या कारखान्यांना तीन वर्षे विक्रीकर माफीचे आश्वासन दिले. त्या भरवशावर मोतीलाल पदमपत शुगर मिल्स या कंपनीने वनस्पती तुपाचा कारखाना उभारला. पुढे सरकारने शब्द फिरवला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७८ च्या निकालात सांगितले, की शासनाच्या स्पष्ट वचनावर विसंबून कोणी आपली स्थिती बदलली असेल, तर शासनाला ते वचन नाकारता येणार नाही. प्रबळ लोकहित आड येत असेल, तर ते शासनाने सिद्ध करून दाखवले पाहिजे. कायद्याविरुद्ध दिलेले वचन मात्र बंधनकारक नाही. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळया तयार करणाऱ्या कारखानदारांना, किंवा बियाण्यांच्या व्यवसायाने या शहराचे नाव देशभर नेणाऱ्यांना या निकालाचे मोल कळेल. वीजदर, कर, अनुदान यांविषयीच्या शासकीय घोषणेवर विसंबूनच भट्टीची क्षमता ठरते आणि बँकेचे कर्ज घेतले जाते. घोषणा मध्येच आटली, तरी हप्ता आटत नाही.

येथवर एकच बाजू झाली. दुसऱ्या बाजूचे दोन दाखले पाहिल्याशिवाय न्याय होणार नाही.

पहिला संस्थानिकांच्या तनख्यांचा. विलीनीकरणाच्या वेळी सरदार पटेलांनी राजेमहाराजांना करमुक्त तनख्यांची हमी दिली. ती अनुच्छेद २९१ व ३६२ मध्ये घटनेतच नमूद झाली. हैदराबादच्या निजामाचा तनखा वर्षाला ५० लाख रुपये होता. हा शब्दही मोबदल्याच्या बदल्यात दिलेला होता. राज्ये सोडून देण्याच्या बदल्यात. तरीही २२ वर्षांनी तो मोडला गेला. १९७० मध्ये केवळ राष्ट्रपतींच्या आदेशाने राजांची मान्यता काढून घेण्याचा प्रयत्न झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. मग १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे रद्द झाले. गरीब देशाने जन्माच्या आधारे कोणाला कायम पोसावे काय, हा प्रश्न रास्त होता. दिलेला शब्द असा मोडावा काय, हाही रास्त होता. या दोहोंत काहीही योग्य मानले, तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. तो शब्द मोडला गेला तो उघडपणे, संसदेत, विशेष बहुमताने, आणि घटनेत लिहिलेले घटनेतच खोडून. तारीख उलटू देऊन नव्हे.

दुसरा दाखला दाभोळ वीज प्रकल्पाचा. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने गुहागर तालुक्यातील या प्रकल्पाशी वीजखरेदीचा करार केला. १९९५ मध्ये सत्ताबदल झाला आणि नव्या सरकारने तो रद्द केला. १९९६ मध्ये नव्या अटींवर पुन्हा मान्य केला. १९९९ मध्ये वीज सुरू झाली. २००१ मध्ये ती महाग पडते म्हणून मंडळाने घेणे थांबवले. नुकसान पुढे कित्येक वर्षे निस्तरत राहिले. या प्रकरणातून दोन्ही बाजूंना धडा मिळतो. घाईने, खुल्या स्पर्धेविना केलेला करार तपासण्याचा नव्या सरकारला अधिकार असलाच पाहिजे. परंतु मोडणे आणि पुन्हा जोडणे यांचा खर्चही त्याच जनतेवर पडतो. म्हणून खरी दक्षता सहीच्या आधी हवी.

या दाखल्यांवरून काही कसोट्या निघतात. प्रचारसभेतील घोषणा, सरकारचे धोरण आणि प्रतिज्ञेसारखा दिलेला शब्द या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. घोषणेचा हिशेब मतदाराने मतपेटीतून घ्यावा. धोरण बदलण्याचा अधिकार नव्या सरकारला असावा; मात्र त्यावर विसंबून ज्यांनी भांडवल गुंतवले, त्यांना सावरण्याइतका अवधी मिळावा. आणि ज्या शब्दाच्या बदल्यात समोरच्याने परत न घेता येणारे काही देऊन टाकले आहे, तो शब्द राज्याचा असतो, व्यक्तीचा वा पक्षाचा नव्हे. तो पाळावाच. पाळणे अशक्य किंवा अन्यायाचे झाले, तर ज्या सभागृहात तो दिला त्याच सभागृहात उभे राहून, कारणे सांगून, भरपाईची तजवीज करून मोडावा.

नागपूर करार या तिसऱ्या प्रकारात बसतो. मराठवाडा आता हैदराबादकडे परत जाऊ शकत नाही; त्याने दिलेले परत घेता येण्याजोगे नाही.

असे शब्द मोडल्यास काय होते, हे पाहण्यासाठी दूर जायला नको. जुन्या हैदराबाद राज्याच्या तिन्ही वारसांना शब्द मिळाले होते. तेलंगण आणि आंध्र यांच्या नेत्यांत २० फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत ‘सभ्य गृहस्थांचा करार’ झाला. तेलंगणाचा शिलकी महसूल तेथेच खर्च व्हावा, नोकऱ्यांत स्थानिकांना प्राधान्य मिळावे, प्रादेशिक परिषद असावी, असे ठरले. तो पाळला गेला नाही, या भावनेतून १९६९ चे आंदोलन पेटले. १९७३ मध्ये घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ ‘घ’ आले, पण जखम भरली नाही, आणि २ जून २०१४ रोजी तेलंगण वेगळे राज्य झाले. कानडी भागासाठी २०१२ मध्ये अठ्ठ्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ ‘ञ’ आला, आणि त्याने शिक्षण व नोकऱ्यांतील राखीव जागांची ठोस तरतूद केली. तीन भावंडांपैकी एकाने घर वेगळे केले, दुसऱ्याने उशिरा का होईना लिहून घेतले, आणि तिसरे अजून ‘सोपवू शकतील’ या क्रियापदावर विसंबून आहे. त्याने एकोप्याची भाषा सोडलेली नाही. हा त्याचा दुबळेपणा समजण्याची चूक कोणी करू नये.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न सर्वांत स्पष्ट दिसतो तो पाण्यात. पैठणजवळ गोदावरीवरील जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी प्रकल्प राष्ट्राला अर्पण केला. उपयुक्त साठा सुमारे ७६ अब्ज घनफूट. २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा जालना जिल्ह्यातील अंबड व घनसावंगी तालुक्यांना पाणी देत परभणीकडे जातो. परंतु वरच्या बाजूस धरणे वाढत गेली आणि खाली येणारे पाणी घटत गेले. कालव्याचे नकाशे तेच राहिले, पाणी तेवढे राहिले नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातील समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले. १९ सप्टेंबर २०१४ रोजी प्राधिकरणाने आदेश दिला. २३ सप्टेंबर २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटप उचलून धरले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल, तर वरून पाणी सोडावे, असा नियम झाला. २०२३ मध्ये त्यानुसार सुमारे ८.६ अब्ज घनफूट पाणी सोडण्याचा आदेश निघाला, आणि तरीही प्रत्यक्ष पाणी सुटण्यापूर्वी पुन्हा न्यायालयाचे दार ठोठावले गेले. नगर-नाशिकच्या शेतकऱ्याचीही बाजू आहे; त्यालाही कोणीतरी, केव्हातरी पाण्याचा शब्द दिलेला होता. एकच पाणी दोघांना लिहून देणे हा दोघांचाही विश्वासघात आहे. एकाच मालावर दोन बँकांचे कर्ज काढणाऱ्याला व्यवहारात काय म्हणतात, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

शब्द पाळल्याचे दाखले अजिबात नाहीत, असे नाही. नागपूरचे अधिवेशन काही वर्षांचे अपवाद सोडले तर भरत आले आहे. उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८१ मध्ये तत्कालीन औरंगाबादेस आले. त्याच वर्षी १ मे रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. जे दृश्य असते आणि ज्याची तारीख ठरलेली असते, ते पाळले जाते. निधी, पाणी, नोकऱ्या ही मोजावी लागणारी देणी मागे पडतात. म्हणून मोजणारी यंत्रणा हवी.

आपल्या बाजूचाही हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख व अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री मराठवाड्याने राज्याला दिले. तेव्हा सगळा दोष मुंबईच्या माथी मारता येत नाही. धनको जागा नसेल, तर ऋणकोलाही देण्याचा विसर पडतो. १७ सप्टेंबरच्या सुमारास मंत्रिमंडळाची बैठक संभाजीनगरला व्हावी, हजारो कोटींच्या घोषणा व्हाव्यात, वृत्तपत्रांनी मथळे द्यावेत आणि मागील बैठकीच्या घोषणांपैकी किती पूर्ण झाल्या हे कोणी विचारू नये, हा प्रकार पुनःपुन्हा घडतो. जुने थकीत कर्ज नियमित दिसावे म्हणून त्याच खातेदाराला नवे कर्ज मंजूर करणे बँकेत गैर समजले जाते, कारण त्यात बाकी फिटत नाही, केवळ झाकली जाते. नव्या घोषणेने जुन्या घोषणेची बाकी झाकू देणे, हा त्याचाच राजकीय अवतार आहे.

उपाय भव्य नाही. विकास मंडळे पुन्हा स्थापन व्हावीत आणि त्यांच्या मुदतवाढीचा प्रश्न एखाद्या अर्थसंकल्पाच्या घाईत सापडू नये म्हणून ती दीर्घ मुदतीची असावीत. ती नसली तरी १९५३ च्या करारातील एक कलम आजही कोणत्याही घटनादुरुस्तीविना पाळता येईल. ते म्हणजे दरवर्षी विधिमंडळापुढे अहवाल. मागील वर्षी कबूल केले किती, दिले किती, खर्च झाले किती, बाकी किती. चार रकान्यांचा हा तक्ता कोणत्याही पक्षाच्या सरकारला मांडता येईल, आणि तो मागण्याचा अधिकार जालन्याच्या प्रत्येक आमदाराला आहे. व्यापारी संघटनांनीही निवेदन देताना नव्या मागणीच्या आधी जुन्या मंजुरीची बाकी विचारण्याचा प्रघात पाडावा.

दिवाळीला वहीपूजन होते, तेव्हा नव्या वहीच्या पहिल्या पानावर जुनी बाकी पुढे ओढली जाते. कोरी वही म्हणजे कोरे खाते नव्हे, हे पेढीवरच्या लहान मुलालाही त्या दिवशी कळते. नव्या सरकारने शपथ घेतल्यावर मराठवाड्याच्या वहीत हीच एक ओळ प्रथम लिहावी. मागील बाकी इतकी. रक्कम एका वर्षात फिटणार नाही, हे धनकोलाही ठाऊक आहे. ती लिहिली जाते की नाही, यावरून मात्र त्याला पेढीची ओळख पटते.